फार वेळा वळवलेला प्रश्न

शैलेशराव कुपवाड्यांच्या घरी फ्रिजवर एक डबा होता, आणि त्या डब्यात त्यांची बायको होती.

म्हणजे बायको तशी घरभर होती, कोर्टात होती, मिरजेतल्या निम्म्या घटस्फोटांत होती. पण तिचं मत, सरकारमान्य आणि रोज ताजं होणारं, त्या बिस्किटाच्या पुड्याएवढ्या काळ्या डब्यात राहायचं. शेजारच्या कप्प्यात शैलेशरावांचं. दोघांची मतं एका डब्यात इतकी वर्षं बिनतक्रार नांदताना पाहून मृणाल म्हणायची, "माझ्या अशिलांना दाखवायला आणलं पाहिजे हे."

स्वमत कायदा येऊन तोवर बरीच वर्षं लोटली होती. त्याआधी माणूस बेशुद्ध पडला की त्याच्या वतीनं नातेवाईक बोलायचे, आणि बोलताना त्यांचा एक डोळा रुग्णावर आणि दुसरा सातबाऱ्यावर असायचा. अशी दोन-चार प्रकरणं फार गाजली, तेव्हा सरकारनं ठरवलं की नातेवाइकांना विचारणंच बंद. माणसाचं स्वतःचं यंत्र वर्षानुवर्षं त्याच्या जवळ राहील, तो काय ठरवतो, कसं ठरवतो, कुठे अडतो हे शिकेल, आणि तो बोलू शकत नसेल तेव्हा त्याच्या जागी तेच बोलेल. रुग्णालयानं प्रश्न पाठवायचा, स्वमतानं उत्तर द्यायचं. स्वमतानंच नाव घेतल्याशिवाय नातेवाइकानं कितीही छाती पिटली तरी ती कायद्याच्या दृष्टीनं नुसती छाती.

बहुतेकांनी आपलं स्वमत कंपन्यांकडे ठेवलं होतं. फुकट मिळायचं. शैलेशरावांनी उभी हयात साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काढलेली; फुकट मिळणाऱ्या काट्यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. "आज मत ठेवून घेताहेत, उद्या विकतील," असं म्हणून त्यांनी स्वतःचा सर्व्हर घरीच मांडला. फ्रिजवर, कारण तिथे मांजर चढत नाही.

आणि आता ते रुग्णालयाच्या संमती खिडकीसमोर उभे होते आणि खिडकीतल्या चौगुले मॅडम म्हणत होत्या, "परत तेच आलं बघा."

पडद्यावर लाल पट्टी होती: *हा प्रश्न फार वेळा वळवला गेला आहे.*

मृणाल सकाळी कोर्टात उलटतपासणी घेता घेता कोसळली होती. तिचं वाक्य अर्धं राहिलं, हे समोरच्या वकिलाला आधी खरंच वाटेना. त्याला वाटलं, डावपेच असेल. रिक्षानं, मग ॲम्ब्युलन्सनं तिला इथे आणलं. डोक्यात डाव्या बाजूला रक्त साठलं होतं.

डॉ. नौशीन मुल्ला खिडकीपाशी आल्या त्या हिरव्या टोपीतच. बुटक्या, चष्म्याआडून थेट बघणाऱ्या.

"काका, उत्तर आलं का?"

"येतंय. एक किरकोळ तांत्रिक..."

"मी पुन्हा एकदा सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. दोन रस्ते आहेत. कवटी उघडून रक्त काढलं तर जीव वाचेल, हे मी बऱ्यापैकी खात्रीनं म्हणते. पण तो रस्ता बोलण्याच्या जागेतून जातो. वाचा जाईल, निदान बरीचशी. दुसरा, मागून बारीक नळी घालायची. भाषेला धक्का नाही. पण रक्त पुरेसं निघेलच असं नाही. जीव..." त्यांनी हात तराजूसारखा हलवला. "यातलं कुठलं, हे मी ठरवू शकत नाही. त्यांचं स्वमत ठरवेल. फक्त लवकर. सूज वाढतेय. तासाभरात आत शिरलो नाही तर दोन्ही रस्ते बंद."

"आणि उत्तर आलंच नाही तर?" शैलेशरावांच्या मागून ऋताने विचारलं. ऋता त्यांची मुलगी. पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती, आईच्या हातचं खायला.

"स्वमत नसतंच, किंवा गप्प असतं, तर मी माझ्या जबाबदारीवर निर्णय घेतला असता. पण हे गप्प नाहीये. उत्तर देतंय. 'तिकडे जा' म्हणतंय."

डॉक्टर गेल्या. ऋताने लॅपटॉप बाकावर उघडला आणि बापासमोर सरकवला. "कंपनीकडे ठेव म्हणून किती वेळा सांगितलं होतं."

"आत्ता नको."

"मी आत्ताच सांगणार. आई आत आहे आणि तिचं मत आपल्या फ्रिजवर गरगर फिरतंय."

शैलेशराव घरच्या डब्यात शिरले. बोटांना सवयीचे शब्द येत होते. नोंदींमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटलेली दिसली, कारखान्यात पट्टा अडकल्यावर तोच ऊस पुन्हा पुन्हा समोर यावा तशी. काय झालंय ते त्यांना लगेच कळलं, आणि कळल्यावर त्यांना बाकावर जरा मागे टेकावं लागलं.

भानगड अशी होती. बाहेरून येणारा प्रश्न मोहोरबंद पाकिटातून येतो, वाटेत कुणी वाचू नये म्हणून. घराच्या दारावर एक द्वारपाल असतो. या धंद्यातले लोक त्याला प्रॉक्सी म्हणतात. तो पाकीट फोडतो, आतला कागद काढतो आणि माजघरात बसलेल्या स्वमताकडे नेऊन देतो. स्वमत कागदाकडे बघतं आणि म्हणतं, "उघडा कागद? या घरात मोहोरबंद पाकिटाशिवाय काही घेत नाहीत. पाठवणाऱ्याला सांग, पाकिटातून पाठव." द्वारपाल इमानानं निरोप देतो. पाठवणारा पाकिटातूनच पाठवत असतो. तो पुन्हा पाठवतो. द्वारपाल पुन्हा फोडतो. स्वमत पुन्हा चिडतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि अशा वीसेक फेऱ्या झाल्या की पाठवणारा हात टेकून लाल पट्टी दाखवतो.

यावर उपाय साधा. द्वारपालानं कागदाला चिठ्ठी जोडायची, 'मोहोरबंद आलं होतं, मी फोडलं', आणि स्वमताला सांगून ठेवायचं की या एका द्वारपालाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेव. गेल्या रविवारपर्यंत हे असंच चाललं होतं. रविवारी शैलेशरावांनी नवी आवृत्ती चढवली. तिच्यात एक प्रश्न होता: *कोणाच्याही चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये?* त्यावर त्यांनी चहाचा घोट घेत, मोठ्या समाधानानं, खूण केली होती.

"सापडलं," ते म्हणाले.

"कुणाची चूक?"

"ते नंतर बघू."

"म्हणजे तुझी."

त्यांनी खूण काढली. द्वारपालाच्या हातात चिठ्ठी दिली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. "मॅडम, आता पाठवा."

चौगुले मॅडमनी बटण दाबलं. सगळे वाकून बघू लागले. लाल पट्टी.

"तुमचं जमंना काका," चौगुले मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊण वर्षात या खिडकीवर त्यांनी बरंच पाहिलं होतं.

शैलेशराव पुन्हा लॅपटॉपकडे वळले. त्यांनी घरच्या नोंदी पाहिल्या. या खेपेला तिथे काहीच नव्हतं. प्रश्न घरापर्यंत आलाच नव्हता. खिडकीतल्या खिडकीतच फिरला होता.

"बाबा?"

"थांब. थांब जरा." त्यांनी डोळे मिटले. वळवण्याचे दोन प्रकार असतात. तात्पुरतं, म्हणजे 'आज तिकडून ये'. आणि कायमचं, म्हणजे 'यापुढे मला विचारूच नकोस, थेट तिकडे जा'. कायमचं म्हटलं की समोरचा संगणक ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला दारापर्यंत येण्याचे कष्टही घेत नाही. शैलेशरावांनी रविवारी काय निवडलं होतं, हे त्यांना आठवायची गरज नव्हती. आयुष्यात त्यांनी तात्पुरतं असं काही कधी केलंच नव्हतं.

"मॅडम, तुमच्या संगणकाला जुना निरोप लक्षात राहिलाय. तो पुसायला हवा."

"पुसायचं आमच्या हातात नाही. ते मुख्य कचेरीतनं करत्यात. अर्ज टाकला की परवा."

"परवा!" ऋता ओरडली.

"ओरडू नगा ताई, मी काय पुसू नको म्हणत्ये का?"

"मग पडद्यावर नवी कोरी खिडकी उघडता येते का?" शैलेशरावांनी काचेवर दोन्ही तळवे टेकले. "ती खाजगी असते ना, जिला मागचं काही आठवत नाही, ती."

चौगुले मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. "ती उघडायची मनाई हाय," त्या म्हणाल्या, आणि उघडली.

मृणालचा क्रमांक टाकला. पट्टी हिरवी झाली. *प्रश्न मृणाल कुपवाडे यांच्या स्वमताकडे पोहोचला.* ऋताने बापाचा दंड घट्ट धरला. शैलेशरावांना त्या क्षणी, बायको आत मरणाच्या दारात असतानाही, आपण कसा बिघाड काढला याचा चिमूटभर अभिमान वाटला, आणि वाटल्याबद्दल लगेच लाजही वाटली.

पडद्यावर पुढची ओळ आली.

*रुग्णाच्या मते हा प्रश्न शैलेश कुपवाडे यांना विचारावा. वळवत आहोत.*

आणि लगोलग:

*शैलेश कुपवाडे यांच्या मते हा प्रश्न मृणाल कुपवाडे यांना विचारावा. वळवत आहोत.*

मग त्या दोन ओळी एकमेकींच्या पाठी लागून पळू लागल्या, आणि शेवटी लाल पट्टी आली.

नंतर ऋता हसली. तसलं हसू शैलेशरावांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे बिघडलेलं नाहीये. हे आपलं घर आहे."

"ऋता..."

"सातवीत हंपीची सहल होती. तुला विचारलं, तू म्हणालास आईला विचार. आईला विचारलं, ती म्हणाली बाबांना विचार, मी एकटी कसं ठरवू. तीन दिवस मी या खोलीतून त्या खोलीत जात होते. बस गेली. दोघांनाही वाईट वाटलं. दोघांनीही एकमेकांचा मान राखला होता!"

ते खरं होतं. मृणाल कोर्टात दिवसभर बघायची: एकानं ठरवलं आणि दुसऱ्यानं सोसलं, अशा घरांचे तुकडे. म्हणून तिनं स्वतःच्या घरात नियम केला होता की इथे कुणी एकट्यानं ठरवायचं नाही. शैलेशरावांना तो नियम फार आवडला, कारण त्यामुळे त्यांना काहीच ठरवावं लागत नसे. यंत्रानं वर्षानुवर्षं हे ऐकलं, पाहिलं, आणि बिनचूक शिकलं. आणि त्यांच्या कप्प्यात तर त्यांनी स्वतः खूण केली होती: *मृणालविषयीचे प्रश्न मला न दाखवता तिच्याकडे पाठवावेत.* ती खूण करताना आपण किती चांगले नवरे आहोत असं त्यांना वाटलं होतं.

"शेजारच्या कामत काकूंकडे किल्ली आहे," ऋता घाईनं म्हणाली. "डब्याची पिनच काढायला सांगते. डबा गप्प झाला की डॉक्टर ठरवतील. त्यांना कळतं."

शैलेशरावांच्या डोळ्यांत क्षणभर अशी आशा चमकली की ती बघून चौगुले मॅडमनाच वाईट वाटलं.

"तसं नगा करू," त्या म्हणाल्या. "प्रश्न पोचल्यावर डबा बंद पडला की चौकशी लागती. चौकशी हुईपर्यंत डॉक्टर हात लावू शकत न्हाईत. लोकांनी लई केलंय ते."

"मग?"

"मग काय. ज्येच्याकडं वळवलाय तो माणूस जिता हाय, जागा हाय, हितं उभा हाय." त्यांनी शैलेशरावांकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "त्यानं आपल्या डब्यात शिरून उत्तर द्यायचं. चालतंय ते."

ऋता खाली बसली. थोड्या वेळानं तिचा आवाज अगदी लहान झाला. "नळी, बाबा. नळीच सांग. आई न बोलता... तू विचार कर ना. ती भाजीवालीशी दहा मिनिटं बोलते. ती झोपेत युक्तिवाद करते. तिची वाचा गेली तर तिला जिवंत ठेवलं म्हणजे काय केलं आपण?"

"मला माहीत आहे."

"ती स्वतः हेच म्हणाली असती."

"बहुतेक."

"बहुतेक नाही, नक्की!"

शैलेशरावांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. आपल्या कप्प्यात गेले, अंगठा लावला, डोळा दाखवला. ती जुनी खूण सापडली. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. कारखान्यात एकदा बॉयलरचा दाब चढत असताना झडप उघडायची की भट्टी बंद करायची, हे साहेबांना विचारायला ते तीन मजले धावत गेले होते. साहेबांनी मॅनेजरला फोन लावला होता. तेवढ्यात दाब आपोआप उतरला, आणि सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं होतं. आज दाब आपोआप उतरणार नव्हता.

त्यांनी खूण काढली.

"मॅडम, पाठवा."

प्रश्न फिरला नाही. मृणालकडे गेला, तिथून वळला, आणि शैलेशरावांच्या मांडीवर येऊन थांबला. दोन चौकोन. *कवटी उघडणे. नळी.* दोन्हींखाली जोखीम बारीक अक्षरांत.

दारातून डॉ. मुल्लांचं डोकं दिसलं. "काका?"

"बाबा, नळी," ऋता म्हणाली.

शैलेशरावांनी पहिला चौकोन दाबला.

ऋताने तोंडावर हात घेतला. पडद्यावर आणखी एक ओळ आली. तिची त्यांना कल्पना नव्हती. कायदा करणाऱ्यांपैकी कुणीतरी फार हुशार किंवा फार दुष्ट असला पाहिजे. *हे उत्तर रुग्णाच्या मताप्रमाणे आहे की तुमच्या? दोन्ही ग्राह्य आहेत. नोंद राहील.*

"रुग्णाच्या म्हण," ऋता कुजबुजली. आता तिला भांडायचं नव्हतं. "निदान तेवढं तरी. नंतर तिला वाचायला मिळेल ते."

शैलेशरावांचं बोट अधांतरी थांबलं. मृणालला काय हवं असतं ते त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं दुसरं केलंच काय होतं? आणि आपल्याला काय हवंय, हेही आत्ता पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसत होतं. त्यांना ती हवी होती. बोलणारी असती तर फारच बरं. नसली, तरी.

*माझ्या*, त्यांनी दाबलं.

पट्टी हिरवी झाली. डॉ. मुल्ला धावतच आत गेल्या. चौगुले मॅडमनी ती मनाई असलेली खिडकी बंद केली आणि उगाच एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवली.

ऋता त्या दिवशी बापाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मृणालनं डोळे उघडले तेव्हा ती तिच्याशी मात्र खूप बोलली, आणि मृणाल तिच्याकडे बघत राहिली. ओठ हलले. आवाज आला, पण शब्द आला नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. सांगितलेलं असणं आणि समोर बघणं, यात फरक असतो.

काही आठवड्यांनी मृणाल उशीला टेकून बसायला लागली. शैलेशरावांनी एका दुपारी तिला सगळं सांगितलं. द्वारपाल, पाकिटं, कायमचा निरोप, त्यांच्या दोघांच्या त्या पळणाऱ्या दोन ओळी. त्या ऐकताना ती खुदकन हसली. आवाज पूर्वीचाच होता. मग त्यांनी पुढचं सांगितलं. चौकोन. आणि त्याखालचं उत्तर.

"तुझ्या मताप्रमाणे म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही," ते म्हणाले.

तिचं हसू गेलं. ती खिडकीकडे बघू लागली आणि संध्याकाळी जेवणाची गाडी येईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुल्ला कागद घेऊन आल्या. काढलेलं हाड परत बसवायचं होतं; पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा संमती.

"आता डबा नको," त्या म्हणाल्या. "त्यांना समजतं सगळं. बोलता येत नाही, एवढंच. कागद चालेल. अक्षरं त्यांना अजून जुळत नाहीत, तेव्हा काका, तुम्ही वाचून दाखवा."

शैलेशरावांनी वाचून दाखवलं. मृणालनं डावा हात वर केला: पुन्हा. त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्या कलमाशी तिनं बोट आडवं केलं. तिथे रुग्णालयाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी रुग्णालयावर राहणार नाही, असं काहीसं गोड भाषेत लिहिलं होतं. तिनं पेन मागितलं आणि डाव्या हातानं त्या कलमावर वेडीवाकडी पण पुरती रेघ ओढली.

"अगं बाई!" डॉ. मुल्ला म्हणाल्या. "हे आमच्या वकिलांना दाखवावं लागेल."

मृणालनं खांदे उडवले. दाखवा.

"आणि शेवटी," शैलेशराव वाचत होते, "'पतीचे नाव व संमती'." त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं.

मृणालनं त्यांच्या हातावर हात ठेवला. घट्ट नव्हे, तेवढी ताकद अजून आली नव्हती. मग तिनं त्या ओळीवरही रेघ ओढली. आयुष्यभर अशिलांना 'वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका' म्हणून दटावणाऱ्या बाईनं शाईच्या पॅडकडे बोट दाखवलं, अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला.

ऋता पायथ्याशी उभी होती. "बाबा," ती म्हणाली, कितीतरी दिवसांनी. "पुसायला कापूस दे तिला."

शैलेशरावांनी कापूस ओला केला, बायकोचा अंगठा हातात घेतला आणि शाई पुसू लागले. शाई लवकर निघेना. मृणालनं हात काढून घेतला नाही.